सव्वीस इंची

गॅरेजच्या छताला तीन सायकली,
मागचं चाक वर, हँडल खाली,
बारा वर्षं अशाच टांगलेल्या.
आज एकेक उतरवली.
टायरला नख लावलं तर रबर पापडासारखं मोडलं.

स्वयंपाकघरातून बोगोमिर ओरडला,
"लाल तीनशेच्या खाली देऊ नकोस!"
त्याचे दोन्ही गुडघे आता धातूचे,
नवे कोरे, हमीसकट.
जुन्या वस्तूंचे भाव तो बसल्या जागेवरून ठरवतो.

सीटखालच्या पिशवीत पावती निघाली:
एक लाख चौऱ्याऐंशी हजार टोलार.
टोलारही कधीचे बंद झाले.
त्या वर्षी छप्पर गळतं ठेवून आम्ही सायकली घेतल्या,
सासूबाई वर्षभर माझ्याशी बोलल्या नाहीत.
एका खर्चात दोन फायदे.

पहिला आला तो मेझा नदीपलीकडचा पोरगा.
चाकावर वीत ठेवून बघितलं, हसला.
"सव्वीस इंची? आता एकोणतीस असतात, काकू."
बाई, तुमचं गाव धरणाखाली गेलं,
असं कुणी हळूच सांगावं, तसं म्हणाला.
पुढे दात्यांची तीन चक्रं, आता एकच असतं.
ब्रेक रिमला धरतो, आता चकतीला धरतात.
फोर्कमधलं रबर विरघळून काळा पाक झालेला,
तो बोटावर घेऊन त्यानं मला दाखवला,
डॉक्टर एक्स-रे उजेडासमोर धरतात तसा.

मी म्हटलं, याच चाकांवर मी पेत्सा उतरलेय,
शिशाच्या बंद खाणीवरून,
बीचच्या ओल्या मुळांवरून,
ढुंगण मागच्या टायरला घासत,
आणि खाली पोचल्यावर दात आहेत ना, हे जिभेनं मोजत.
तो ऐकत होता. ऐकून झाल्यावर म्हणाला,
"नुसत्या पेडलचे किती घ्याल?"

मग वळणावरच्या हॉटेलचा स्रेच्को.
त्याला ज्वोंकाची हिरवी हवी होती.
पांढरा रंग देणार, दाराशी उभी करणार,
पुढे टोपली, टोपलीत जिरेनियम.
एकशे वीस युरो, घासाघीस नाही.
माझा हात खिशाकडे जाईना.
ग्राझला ज्वोंकाला फोन लावला.
ती इतकी हसली की खोकला लागला.
"देऊन टाक गं. निदान रोज कुणी पाणी तरी घालेल."

संध्याकाळी लेयला आली, बेकरीतली.
पहाटे चारला भट्टी, आणि चारला बस नाही.
इंचांबद्दल एक शब्द नाही.
लाल सायकलवर बसली, पाय जमिनीला टेकेनात.
तेवढ्यात काठी टेकत बोगोमिर दारात.
मी तीनशेची वाट बघत राहिले.
त्यानं सीट खाली केली, पाना त्याच्या खिशातच होता.
"उतारावर पुढचा ब्रेक दोन बोटांनी. मूठ आवळायची नाही."
"आणि किंमत?"
"चाळीस," म्हणाला. मग, "दिवा माझ्याकडून."
मी त्याच्याकडे बघितलं.
तो चाकाकडे बघत होता.

माझी निळी कुणी विचारलीच नाही.
ती मोडीत घातली.
काट्यावर चौदा किलो भरली,
एवढ्या वजनाला मी खांद्यावर घेऊन चढायचे?
तीन युरो ऐंशी सेंट आले.
दोन कॉफ्या घेतल्या, एकीत साखर जास्त पडली.

आता गॅरेजमध्ये तीन आकडे आहेत, आणि बराच उजेड.
कोळशाची बादली आणायला जाते
तेव्हा डावीकडे अजून मान वाकवते,
लाल सायकलचं पेडल कपाळाला लागू नये म्हणून.