साडेसत्तावीस

दादरच्या क्लासच्या माहितीपत्रकावर छापलं होतं:
सहा महिन्यांत मेडिकल असिस्टंट. पुढे भरपूर स्कोप.
फी अडतीस हजार.
आईने भिशीतला आपला नंबर आधी मागून घेतला
आणि बायकांना सांगितलं,
मुलगी डॉक्टरांच्या हाताखाली शिकते.

मुलाखतीत डॉक्टर सबनीस म्हणाले, अपेक्षा किती?
चार दिवस आरशासमोर मी पंधरा म्हणत होते.
खुर्चीत बसल्यावर तोंडातून बारा आलं.
ते म्हणाले, अकरा. सुरुवातीला.
'सुरुवातीला' हा शब्द मी घरी नेला,
अकरापेक्षा तोच जास्त वेळा सांगितला सगळ्यांना.

विक्रोळी, कन्नमवार नगर, तळमजला.
वजनकाटा, हिरवा पडदा, माशांची टाकी,
भिंतीवर यकृताचं चित्र.
माझ्या टेबलाला एक ड्रॉवर, किल्ली माझ्याकडे.
पेशंटमागे चारशे.

हिशेब करायला मी बसले नव्हते,
नोटा लावता लावता तो झाला:
अकरा हजार भागिले चारशे.
साडेसत्तावीस.
म्हणजे एक तारखेला, सकाळ धरून,
संध्याकाळी साडेसातच्या सुमाराला
अठ्ठावीस नंबर आत जातो
तेव्हा माझा महिना संपतो.

तेव्हापासून दर एक तारखेला बघते, अठ्ठावीस कोण.
जूनमध्ये गालगुंड झालेला पोरगा होता,
डोक्यावरून रुमाल बांधलेला.
त्याचा एक गाल माझा, एक डॉक्टरांचा.
जुलैत ब्लाउज शिवणाऱ्या शकुंतलाबाई, साखर तीनशे दहा.
ऑगस्टात एकजण नुसतं सर्टिफिकेट न्यायला आलेला,
धडधाकट.

उरलेले एकोणतीस दिवस मी फुकट राबते
असं नाही म्हणत.
भाडं आहे, वीज आहे, ईसीजीच्या मशीनचा हप्ता आहे,
डॉक्टरही रात्री साडेदहाला जेवतात.
भागाकाराला फक्त हे माहीत नसतं.

दुसऱ्या दिवाळीच्या आधी
तांडेल आजींची शीर डॉक्टरांना दोनदा चुकली.
मी आजींचा हात गरम पाण्याच्या पिशवीवर ठेवला,
त्यांच्या सुनेची चौकशी केली,
आणि मनगटाच्या कडेने चाचपत गेले.
होती तिथे.
पावट्याच्या शेंगेचा दोरा निघतो ना, तेवढी.
डॉक्टर म्हणाले, वा.
वा पाकिटात मावत नाही,
पण त्या आठवड्यात माझ्याने विचारवलं.
पाचशे वाढले.

पावणेएकोणतीस, म्हटलं मनात,
आणि आईसाठी खरवस घेतला.

एक तारखेला दाराबाहेर नवा कागद लागला.
मीच लावला, चारी कोपऱ्यांना टेप, मध्ये फुगा राहू न देता:
तपासणी फी रुपये पाचशे.
साडेअकरा हजार भागिले पाचशे.
तेवीस.
बरोब्बर तेवीस, पाव नाही, पाऊण नाही.
पगार वर गेला
आणि मी साडेचार पेशंट खाली आले.

परळला अठरा देतात, नफिसा सांगते, रात्रपाळी धरून.
क्लासात माझ्या शेजारी बसायची.
दुपारी दोनला तिचा आवाज सकाळचा असतो.
ये म्हणते.
मग स्वतःच म्हणते, थांब जरा, बघ.

घरी जाताना चौथ्या मजल्यावरच्या मांजरेकरांची पाठ धुते,
ड्रेसिंग बदलते. दीडशे.
ते भिंतीकडे तोंड करून मला जुन्या मॅचचे स्कोअर सांगतात.
ते दीडशे कुठल्याच नंबरात बसत नाहीत.
वेगळ्या डबीत टाकते.
डबीवर काही लिहिलेलं नाही अजून.

आज एक तारीख.
तेवीस नंबरच्या भुवयांवर सिमेंट आहे.
काउंटरवर वाकून, बाजूच्यांना ऐकू जाऊ नये असं विचारतो,
ताई, थोडं कमी होईल का?
मला हे वाक्य कधी एवढं नीट विचारता आलेलं नाही,
माझ्या बाजूने.
आत जाऊन सांगते.
डॉक्टर वर न बघता म्हणतात, तीनशे घे त्याच्याकडून.

तीनशे घेते.
बीपी बघताना पट्टा आणखी एक वेढा घेतो,
दंड तेवढाच आहे.
दोनशे बाकी.
दार उघडून पुकारते,
चोवीस.