आठशे चाळीस रुपयांची नदी

पणजीच्या दुकानात काचेआड
समुद्र होता, पाकिटात बंद:
निळ्या बशा, निळे पेले, कागदी मासे, एक जलपरी.
सव्वीसशे रुपये.
मी किंमत वाचली आणि हसले,
आपण नुसतं बघायलाच आलोय, असं.

उर्वीला समुद्र नकोच होता.
तिला फेरीबोट हवी होती,
जिच्यावर बाबा दोर टाकतात ती,
सहाव्या वाढदिवसाला, टेबलावर,
आणि खाता येईल अशी.

डब्यात आठशे चाळीस.
केक नाही असं ठरलं तेव्हा जरा श्वास आला.

आधी नदी.
निळी ओढणी होती, तिला इस्त्रीचा डाग.
डाग झाकायला कुठलं बेट ठेवावं या विचारात मी,
तर उर्वी म्हणाली, आई, आपली नदी निळी कुठाय?
दारात जाऊन पाहिलं. खरंच.
दिवाडीच्या धक्क्याशी मांडवी
दूध जास्त झालेल्या चहासारखी.
तांदळाचं पोतं उसवलं, धुतलं, अंथरलं.
नदी फुकटात झाली.

फेरीसाठी लांब पाव.
पदेर म्हणाला, असले आता कोण घेतं,
तरी चार भाजून दिले, आणि एक करपलेला असाच.
करपलेलाच कामाचा निघाला,
गंजाचा रंग आयता.
पोट कोरून बटाट्याची भाजी भरली.
कोरलेल्या मऊ पावाचे कटलेट, पंधरा,
मुलं सोळा.
एक चेपून दोन केले.

केबिन सान्नांचं. एस्पेरान्सबाईंनी डझनभर दिल्या,
पातेलं संध्याकाळी परत हवं म्हणाल्या, दोनदा.
काकडीच्या चकत्यांवर स्कूटर.
बस दोदोलची, काळी, चिकट,
कुठल्याच बाजूवर उभी राहीना.
आडवी ठेवली.
उर्वी म्हणाली, चालेल, बंद पडलीय.

मासे शंकरपाळ्याच्या पिठाचे.
साचा कुठला आणायचा?
खोकल्याच्या औषधाचं झाकण
एकावर एक, जरा सरकवून दाबलं
की मधे मासा उरतो.
हे मला कुणी शिकवलं नाही,
रात्री साडेबाराला समजलं.

तोंडलं चिरून तोंड उघडलं: मगर.
कोकम सरबताला करवंट्या,
विटेच्या तुकड्याने आठवडाभर घासलेल्या,
त्या डुगडुगत होत्या,
म्हणून प्रत्येकीखाली माझी एकेक जुनी बांगडी.
लग्नातल्या हिरव्या होत्या काही.
वापरल्या.

पाचला मुलं आली आणि गप्प उभी राहिली.
हात कुणी लावीना.
मला वाटलं, ओळखलं नाही वाटतं.

तेवढ्यात उल्हास आला, खाकीतच,
सोबत्याला वीस मिनिटं सांभाळ म्हणून,
हाताला ग्रीस.
वाकून त्याने टेबलाकडे पाहिलं,
इंजिनाकडे पाहतो तसं, बराच वेळ.
रॅम्प खाली आहे, म्हणाला.
अशी निघायची नाही.

दोन बोटांनी खारीचं बिस्किट उचललं,
टूथपिक टेकवली.
मग माझ्या वळेसरातला दोरा ओढला,
चार अबोल्या जमिनीवर,
आणि फेरी पेल्याला बांधली,
त्याच गाठीने, रोज बांधतो त्या.
आता, म्हणाला, सोडा.

सोळा हातांनी गाठ सोडली.
त्यानंतर जे झालं त्याला जेवण म्हणता येणार नाही.
मगर कुणी खाल्ली कळलं नाही.
पाच मिनिटांत पोतं उरलं, चुरा,
आणि मधोमध बंद पडलेली बस,
जिला कुणी हात लावला नव्हता.
उर्वीने ती पानात गुंडाळून
बाबाच्या खिशात घातली.

रात्री उशिरा, काळोखात, त्याने सांगितलं:
बस खाल्ली.
पलीकडे पोचल्यावरच.

मी हं म्हटलं.
टूथपिक बावीस लावल्या होत्या,
सापडल्या एकवीस.
मी मनात परत एकेक मूल मोजत होते.
त्याने हात लांब करून
खुंटीवरच्या खाकी शर्टाचा खिसा चाचपला.