उलटा सांधा

सेतुबालच्या बंदरामागे सार्डिनचा कारखाना पाडताना
भिंतीतल्या कपाटात सात डबे निघाले.
बेल्मिरूने ते वजनावर उचलले, भंगाराच्या भावात,
आणि रात्री मला फोन केला, आवाज चोरून,
जणू घरात कुणाचं तान्हं मूल लपवलंय.

झाकण उघडलं की व्हिनेगरचा भपकारा.
महिनाभर मी फीत पुसत होतो कापसाने, बोट बोट.
सत्तर वर्षांपूर्वी दोन आठवड्यांत उतरलेला सिनेमा,
तळटीपांतसुद्धा ज्याचं नाव चुकीचं छापलं गेलं:
‘तिसऱ्या भोंग्यानंतर’.

आम्ही सहा जण. संग्राहक;
घरच्यांच्या भाषेत, डबे साठवणारे.
गॅरेजमध्ये चादर ताणून अकरा वेळा पाहिला.
चौथ्या रिळात, मासे चिरणाऱ्या बायकांवर
एकाएकी आवाज जातो. चाळीस सेकंद.
पडद्याच्या कडेला एक पांढरी रेघ थरथरत राहते.

काय धाडस, आम्ही म्हणालो. काय मौन!
नुसत्या रेघेवर अबीलियूने चार पानं लिहिली.
ब्रेमेनच्या एका गृहस्थाने त्या मौनासाठी
न पाहताच मोटारीएवढी किंमत देऊ केली.

मग बेल्मिरूने एर्मेलिंदाबाईंना आणलं, वय सत्याऐंशी.
त्यांनी खुर्ची पुढे ओढली.
चौथं रीळ आलं. “ही मी,” म्हणाल्या,
आणि लगेच वैतागल्या:
“सुरी उजव्या हातात कशी?
मी डावखुरी. मुकादमाचा मार खाल्ला त्यापायी,
पण हात नाही बदलला.”

गॅरेजमध्ये कुणी खोकलंसुद्धा नाही.
मी तुकडा दिव्यापुढे धरला.
कधीकाळी कुणीतरी घाईत तुटलेली फीत
कूस बदलून चिकटवली होती,
आणि माझ्या बोटांखालून ती दोनदा गेली होती.
ती रेघ म्हणजेच आवाज होता.
ऐकायचं सोडून आम्ही तो बघत बसलो होतो.

सांधा उसवला, सरळ केला.
आता चाळीस सेकंद फळीवर सुऱ्या वाजतात,
कुणीतरी मुकादमाला शिवी हासडतं, हशा पिकतो,
आणि सतरा वर्षांची एर्मेलिंदा
डाव्या हाताने माशाचं मुंडकं उडवते.

ब्रेमेनहून पत्र आलं: मौन उरलं नसेल,
तर त्यांना रस नाही.
बेल्मिरूने ते चौथ्या डब्यात घातलं, वासात.

बाई दर गुरुवारी येतात, शेंगदाणे घेऊन.
शिवी कुणाची, ते मात्र
अजून सांगत नाहीत.