एकरुखच्या बांधावरून

पाणी दोन हात उतरलंय.
उघड्या गाळावर
टिटवीची चोच उघडते, मिटते.
चाळीस वर्षं मागाशेजारी काढलेल्या
अंबय्या कोंडांना ती ऐकू येत नाही.
"ओरडतेय का?"
मी मान हलवतो.
मग ते खाली बघत, जपून पाय टाकतात :
अंडी असणार इथंच कुठंतरी.

कडुनिंब निम्मा झडलाय.
पांगाऱ्यावर भोरड्यांची शाळा सुटलीय;
मला नुसता गलका,
त्यांना एकेक लालभडक चोच.
तारेवरचा वेडा राघू
माशी टिपून पुन्हा नेमका त्याच जागी.
"धोटा," ते म्हणतात,
आणि स्वतःशीच हसतात.

मुंगूस आडवं गेलं. थांबलो.
गेल्या रविवारी पट्टकादंब साठ तरी होते,
आज पाण्यावर अकरा.
बाकीचे?
विचारेस्तोवर डोक्यावरून आवाज आला,
मी शोधतोय अजून,
त्यांचं बोट आधीच वर :
उत्तरेकडं सरकणारी बारीक रांग,
हिप्परग्याच्या घरांवरून, हायवेवरून.

मध्येच ती तुटली.
तशी कोंडांची दोन बोटं
आपसूक जवळ आली,
हवेतच,
गाठ मारायला.