शून्य म्हणजे चार

मुकुटबन रस्त्याला सरकीचा सॉल्व्हंट प्लांट,
पॅनेल दोन, डावीकडून पाचवं कार्ड.
आठ चॅनेल, आठ हिरवे दिवे,
पंख्याच्या जाळीवर रुईचा थर.
दर गुरुवारी तो मी दात घासायच्या जुन्या ब्रशनं काढते.

कंट्रोलर आत नुसते आकडे मोजतो.
त्याला वाफ माहीत नाही, ढेपेचा वास माहीत नाही.
तो म्हणतो, निम्मं.
कार्ड त्या निम्म्याचे बारा मिलिअँप करतं,
तारेत सोडतं,
आणि तीनशे फुटांवर, टोस्टरच्या माथ्यावर
व्हॉल्व्हची दांडी अर्धी वर येते.
एवढंच त्याचं काम.
म्हटलेलं हाताला लावून देणं.

वणीच्या आयटीआयत पहिल्याच आठवड्यात
खिरटकर सरांनी फळ्यावर लिहिलं : शून्य म्हणजे चार.
मागच्या बाकावर कोणी तरी फिसकन हसलं.
"हसू नका बे. बंद ठेवाचं असन
तरी चार पाठवाचे.
खरोखरचं शून्य आलं
तं समजाचं, तार तुटली."
मी ते पेपरात लिहिलं. दोन मार्क.

परवा रात्री दोनला चॅनेल तीन लाल.
स्क्रीनवर पन्नास टक्के,
मीटरवर काहीच नाही.
स्प्रिंगनं व्हॉल्व्ह मिटून घेतला होता,
टोस्टर उतरत होता डिग्री डिग्रीनं,
आणि ढेपेत हेक्झेन राहिलं तर
गोदामात कोणी बिडीही पेटवायला नको.

लटारी काका वर गेले, हातचाक धरायला.
आत मोबाइल चालत नाही.
"पाइपावर पाना वाजवतो," म्हणाले,
पितळी पाना, ठिणगी न उडणारा.
"दोन ठोके म्हंजे धावत ये.
एक म्हंजे काही नाही,
मी हावो."

मी टॉर्च घेऊन ट्रेच्या कडेकडेनं.
एप्रिलची रात्र, तरी पत्रा हाताला चटका देणारा.
कुंपणाबाहेर, जंक्शन बॉक्सच्या अलीकडे
घुशीनं कुरतडलेली केबल,
तांबं उघडं, नवं कोरं.

टण्.

तार सोलली.

टण्.

फेरूल चढवला, दाबला.
दुसरा चढवला.
स्क्रू अर्धा फिरवला आणि लक्षात आलं
बराच वेळ काही वाजलं नाही.
ब्लोअरचा आवाज होता, रातकिडे होते,
दूर कोळशाच्या ट्रकचा हॉर्न होता.
माझा स्क्रूड्रायव्हर तिथंच थांबला,
खाचेत.

टण्.

(नंतर म्हणाले, खर्रा घोटत होतो ना बाई,
दोन्ही हात गुंतले होते.)

तीन चाळीसला दिवा हिरवा.
आधी चार पाठवले, मग आठ, मग बारा.
वर दांडी आपली आपण उठली असणार,
काकांच्या हाताखालून चाक सुटलं असणार.
आता वाजवायची गरज नव्हती.

रजिस्टर उघडलं :
चॅनेल तीन, घूस, केबल जोडली.
सही करत होते
आणि पाइप वाजला,
एकदाच.