तळाला चहा

रविवारी सकाळी साडेसहाला, वेताळ टेकडीवर
आम्ही एकवीस जण आणि बाविसावा माझा बाप.
पायात भावाचे जुने स्पोर्ट्स शूज, डोक्याला माकडटोपी.
यादीत त्याचं नाव तिमाजी असं पडलेलं.
तिमण्णा, मी म्हटलं.
मुलीने खोडून पुन्हा लिहिलं.

फी शंभर रुपये, ज्येष्ठांना पन्नास.
दगड बघायचे पैसे?
त्याने मला विचारलं, पण हळू.

वाटाड्या ओजस, भूशास्त्र शिकलेला, गोड बोलणारा,
कातळावर तळहात टेकून म्हणाला,
आपण उभे आहोत ते एकेकाळी वाहत होतं.
साडेसहा कोटी वर्षं झाली.
एका लहान मुलीने विचारलं, मग डोंगराचं तोंड कुठाय?
तोंड नव्हतं गं, भेगा होत्या,
जमीन उसवत गेली आणि आग पसरत राहिली,
थरावर थर, आणि मध्येमध्ये हजारो वर्षं काहीच नाही.
जेवणाची सुट्टी, बाप म्हणाला.
सगळे हसले.
तो हसला नव्हता.

मग गिरिपुष्पाच्या काटक्यांतून उतरलो
आणि तळं.
तिन्ही बाजूंनी उभा कापलेला काळा दगड,
पाणी हिरवं की काळं, ठरवेपर्यंत बदललेलं,
काठावर वंचक, असून नसल्यासारखा,
आणि खंड्या गेला तसे सगळे कॅमेरे
एकदम उजवीकडे वळले.

हे ज्वालामुखीचं तळं का? मुलगी सोडत नव्हती.
नाही, ओजस म्हणाला, ही जुनी खाण.
इथला दगड काढून नेला, मग पाऊस साठत गेला.

काढून नेला.
मी सातवीला व्याकरण शिकवते.
कर्मणी प्रयोगात कर्ता गाळला तरी वाक्य चालतं,
पूर्ण गुण द्यावे लागतात.

खोल किती असेल?
ओजसने अंदाज सांगितला, मीटरमध्ये.
बाप म्हणाला, तीन शिड्या आणि वर एक माणूस.
मग पाण्यातल्या एका जागेकडे बोट केलं,
तिथं चहा व्हायचा.
सावली तिथं आधी पोचायची ना.
रंगव्वा करायची, गूळ जास्त, दूध नावाला.

आता माणसं पाण्यात बघत होती,
प्रत्येक जण निराळ्या ठिकाणी.

बाप बोलतच सुटला.
बारा किलोची पहार, हातभर भोक, दारू, वात,
आणि एकाने वर उभं राहून हाळी द्यायची: बार!
की पळायचं.
कधी फुटलेल्या दगडाच्या पोटात साखर निघायची,
पांढरी, टोकदार. पोरीला न्यायचो.
(ओजस म्हणाला, झिओलाइट.
माझ्याकडे डबाभर होती. खाऊन बघितली होती.)

हाळी कोण द्यायचं? मुलीने विचारलं.
मी. लांब जायचा माझा आवाज.
द्या ना आता!

इथे मी खाली बघितलं.
एवढ्या चांगल्या दुर्बिणीवाल्या लोकांत
माझा बाप ओरडणार, ह्याची मला लाज वाटली,
आणि मग त्या लाजेची.

त्याने टोपी काढली. छाती भरून घेतली.
काठावरच्या वंचकाकडे बघत थांबला
आणि श्वास तसाच सोडून दिला.
नको, म्हणाला. पाखरं उठतील.

वर आल्यावर ओजस धावत मागून आला,
काका, तुमच्याकडून घ्यायलाच नको होते,
पन्नासची नोट.
मला वाटलं, नाही म्हणेल.
त्याने घेतली, चार घड्या करून टोपीत ठेवली.
ह्या खाणीनं रविवारचा पगार
आजच दिला बघ.

रिक्षात त्याला झोप लागली.
वडारवाडीच्या वळणावर डोळे न उघडताच म्हणाला,
एक शिडी आत राहिली असणार.
तिसरी.
चांगली होती.