हिरवी चिंधी

लेंगऱ्याच्या माळावर आमची दोन नंबरची शेड.
तस्लीमनं मधोमध जाळी मारली,
इकडं दोन हजार, तिकडं दोन हजार,
आणि ओळख राहावी म्हणून खांबांना चिंध्या बांधल्या.
पांढरी, नेहमीच्या पुडीची.
हिरवी, ओव्याची.

तस्लीम तांबोळी. शिरवळला शिकते, जनावरांची डॉक्टर होणार.
बाप विट्यात स्टँडसमोर पानं लावतो.
"लवंग मी पाळण्यापासून ओळखते, मावशी,
पण तिच्यातलं काय जंतूला चावतं
ते आत्ता आत्ता कळलं."

पिशवी फोडली तर आत पीठ.
मालक हसले, "कोरडं तेल?
उद्या कोरडं पाणीबी आणशीला."
ती म्हणाली, तेल उडून जातं, काका,
म्हणून कणाकणाला पांघरूण घातलंय,
आतड्यात गेल्यावरच उतरतं.

टनाला दोनशे ग्राम.
एवढ्याशानं काय होतंय, असं मीही मनात म्हटलं.
आधी मूठभर भरड्यात कालवलं, मग घमेल्यात,
मग ढिगात,
लोणच्याला मसाला लावावा तसं, घाई न करता.

पौषाची थंडी. पडदे खाली. ब्रुडरखाली पिवळी पिल्लं.
आणि मध्यरात्री
तुसाच्या, अमोनियाच्या वासातून
ओवा वर आला.

बाजेखाली शेगडी, निखाऱ्यावर चिमूटभर ओवा,
कानाला घट्ट फडकं,
चुलती म्हणायची, दार उघडू नगंस, वारं लागंल.
सव्वा महिना ठेवलं होतं मला तसं.
ह्यांचाही मुक्काम साधारण तेवढाच.
माझी लेक त्या धुरातून बाहेर आली,
आता इस्लामपूरला नर्स आहे.
ही बाहेर येतील ती क्रेटमधून.

लेकीला फोनवर सांगितलं तर हसली नाही.
वॉर्डात एक माणूस आहे म्हणाली, पायाला जखम,
तीन औषधं बदलली, जंतू ऐकत नाही.
"आमच्या सलाइनमधलं औषध आणि तुझी पांढरी पुडी,
भाऊबंदच की गं ते, आई."
मग ड्युटी लागली, फोन ठेवला.

अडतिसाव्या दिवशी काटा लावला.
हिरवी बाजू चौदा ग्रामनं जास्त.
कंपनीचा सुपरवायझर म्हणाला,
"चौदा ग्राम? एवढं तर पायाला तूस लागलेलं असतं."
तस्लीमनं मान खाली घालून आकडा लिहिला.
"आता मरतुक सांगा, मावशी."

मरतुक माझ्याकडं असते. रोज सकाळची बादली.
पांढऱ्याकडं अठ्ठ्याऐंशी, हिरव्याकडं सत्तर.
तिचा चेहरा उजळला,
आणि तिथंच माझ्या पोटात कालवलं.

कारण रात्री मी हिरव्या बाजूला बसायची.
वास बरा वाटायचा म्हणून, दुसरं काही नाही.
थंडीनं पिल्लं एकावर एक चढली
की तळातली हातानं सोडवायची.
पांढऱ्या बाजूला जायची, नाही असं नाही,
पण उशिरा.

हे वहीत कुठल्या रकान्यात बसतं?

सांगून टाकलं.
ती बराच वेळ पेनचं टोपण चावत राहिली.
मग पान उलटलं, मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं:
"राखणदार हिरव्या बाजूला."
खाली रेघ मारली.
"पुढच्या बॅचला चिंध्या बदलू," म्हणाली.
रागावली असती तर बरं वाटलं असतं.

गाडी रात्री अडीचला आली.
पोरांनी पायाला धरून दोन्हीकडची पाखरं
एकाच क्रेटमध्ये कोंबली.
विट्याच्या रस्त्याला लाल दिवा वळेपर्यंत
मी खांबापाशी उभी होते.

आता शेडला चुना मारून झालाय.
नवं तूस आलंय. पिल्लं गुरुवारी.
चिंध्या मी धुवून वाळत टाकल्यात,
हिरवीला अजून वास आहे.
ह्या खेपेला खाट मध्यात टाकणार,
जाळीला टेकून.
बघू, कुठल्या कुशीवर झोप लागते.